गोमीबायचं खाजण

"शेट, चपला काढा. बांधावर चपला घालून चढत नाय आमी."

मामंजी थबकले. आंबेखार गावात इसाजी चिंचोळकरांना कुणी असं काही सांगितल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. गावातली सगळ्यांत मोठी नारळी-सुपारीची वाडी त्यांची, खाडीत दोन मचवे त्यांचे. लोक त्यांच्या ओटीवर चढताना चपला काढत. ते कुणासाठी काढत नसत. पण गोमीबाय बांधावर काष्टा खोचून उभी होती, पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेली, आणि तिच्या बोलण्यात उर्मटपणा मुळीच नव्हता. देवळाच्या पायरीवर एखादी म्हातारी परक्या माणसाला सांगते, तसं तिनं सांगितलं होतं.

त्यांनी चपला काढल्या. मागून मीही काढल्या.

माझं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं होतं. मी पेणची, मास्तरांची मुलगी. नवरा, हारून, मुंबईला रेल्वेच्या कारखान्यात. महिन्याकाठी एकदा घरी यायचा. सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. त्यामुळे घरात मी आणि मामंजी दोघंच. ते मला सुनेसारखं कमी आणि धाकट्या बहिणीसारखं जास्त वागवत. कुठं जायचं झालं की म्हणत, "चल मिलका, पाय मोकळे होतील."

बांधावर चढले आणि जागच्या जागी उभी राहिले. भरती होती. डाव्या हाताला खाडी, अगदी बांधाच्या काठाला येऊन टेकलेली. उजव्या हाताला, पुरुषभर खाली, श्रावणातलं हिरवंगार भात. समुद्र वर आणि शेत खाली. मध्ये फक्त माणूस चालेल एवढी माती. खाडीला असा बांध घालून काढलेल्या जमिनीला आमच्याकडे खाजण म्हणतात. शब्द ऐकला होता, पण पाहिलं तेव्हा कळलं की ही शेती नाही, रोजची लढाई आहे.

"गोमीबाय," मामंजी म्हणाले, "माझी वाडी इथं संपते. पुढं तुझं खाजण, त्याच्या पुढं खाडी. मला इथं धक्का बांधायचाय. मचवे थेट वाडीला लागतील. तुला वरच्या अंगाला याच्यापेक्षा चांगली जमीन देतो. गोड्या पाण्याची. नको असेल तर म्हणशील ती किंमत."

गोमीबायनं जरा वेळ खाडीकडे पाहिलं.

"शेट, माज्या आजेसासऱ्यानं ही जमीन खाडीच्या तोंडातनं काडली. खाडीनं परत खाल्ली. सासऱ्यानं परत काडली. बांध घालताना छातीत कल येऊन तो हितंच गेला, आता तुमी उबे हाव ना, तितं. ही कशी इकू? ही माजी कुटं हाय? गेलेल्यांची हाय, आनि यायचे हायत त्यांची. मी मदल्या मदी राखनीला."

"तुझ्यामागं कोण आहे? एक मुलगी, ती दिल्या घरी."

"तिला पोरं होतील ना," ती म्हणाली आणि पुन्हा चिखलात उतरली.

त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी ताट घेऊन दाराशी उभी राहिले.

"मामंजी, दोन घास तरी खा."

"एवढा पसारा उभा केला," ते भिंतीला म्हणाले, "आणि वाट कुणी अडवली, तर एका बाईच्या चिखलानं."

ते वाईट होते असं कुणी समजू नये. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी; शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवारतेली म्हणतात ते. गावात आमची सात-आठच घरं. त्यांतल्या कुणाची मुलगी उजवायची असली, कुणाचं छप्पर उडालं असलं, तर मामंजी पुढं. सिनेगॉगचं छप्पर त्यांनी केलं होतं. प्रार्थना त्यांना सगळ्या तोंडपाठ, पण वाचता येत नसे, कारण लहानपणी घाण्याला जुंपलेले. म्हणून शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दुपारी ते मला शास्त्रातल्या गोष्टी सांगायला बसवत. त्यातही त्यांना एलियाहू हन्नाबी, आमचा संदेष्टा, हवा असे. आमच्या लोकांत नवस बोलायचा तो एलियाहूला, मलिदा वाढायचा तो त्याच्या नावानं. त्यानं आकाशातून अग्नी उतरवला, विधवेचं तेल आटू दिलं नाही, अग्निरथातून वर गेला, या गोष्टी मी कितीदा सांगितल्या असतील! दर वेळी ते लहान मुलासारखे विचारत, "मग?"

अश्विनात भात पिवळं पडलं. कापणी तोंडाशी आली असताना अमावास्येच्या उधाणाला गोमीबायच्या बांधाला खांड पडली. पहाटे आरडाओरडा ऐकून मी ओटीवर आले. मामंजी आधीच अंघोळ करून, टोपी घालून खुर्चीत बसलेले होते.

"मामंजी, गोमीबायचा बांध फुटला म्हणतात!"

"देवाची मर्जी," ते म्हणाले.

उजाडल्यावर मी वाडीच्या टोकाशी जाऊन पाहिलं. शेत नव्हतंच. जिथं पिवळं होतं तिथं करडं पाणी, आणि पाण्यावर लोंब्यांची टोकं तरंगत होती. पाणी शेजारच्या खाजणांतही शिरलं होतं. गावचे जोमा पाटील कपाळाला हात लावून बसले होते. त्यांचंही भात गेलं होतं. गोमीबाय खांडीच्या तोंडाशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हातांनी चिखल थापत होती. लाट यायची, चिखल न्यायची. ती परत थापायची.

पंच बसले पाटलांच्या अंगणात. आमच्या वाडीत राबणारे लडकू आणि हाशा पुढं आले. त्यांनी छातीला हात लावून सांगितलं, गोमीबाय खेकडे-चिंबोऱ्या काढायला बांध पोखरत होती, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. खाजणवाल्यांचा कायदा सरळ आहे: ज्याच्यामुळं बांध फुटला त्यानं तो बांधावा आणि शेजाऱ्यांचं नुकसान भरावं. एकटी बाई कुठून भरणार?

गोमीबाय एवढंच म्हणाली, "मी बांध पोखरीन? पोटच्या पोरीचा गला दाबीन का मी?"

तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. प्रत्येकानं मान दुसरीकडे वळवली.

मग मामंजी हळू आवाजात म्हणाले, "बाईमाणूस आहे. तिला कशाला छळता? खांड मी बुजवतो, सगळ्यांचं नुकसान मी सोसतो. जमीन माझ्या नावावर करा म्हणजे झालं."

लोक म्हणाले, माणूस असावा तर असा. खरं सांगते, मलाही अभिमान वाटला. गोमीबायनं तलाठ्यासमोर अंगठा उठवला आणि तो पदराला पुसला नाही. निळा अंगठा तसाच धरून ती घरी गेली.

मामंजींनी खांडीत मिळेल तो दगड-कचरा टाकला. भाताशी त्यांना काय करायचं होतं? त्यांना भराव घालून धक्का उभारायचा होता. खारं पाणी हिवाळाभर त्या शेतात तुंबून राहिलं.

आमच्या शेवाट महिन्यात, म्हणजे पौषाच्या सुमारास, पौर्णिमेला एलियाहूच्या नावानं मलिदा करायचा आमच्यात रिवाज आहे. त्या वर्षी मामंजींनी ठरवलं, मलिदा नव्या जागेवर करायचा. कडेची जरा कोरडी पट्टी बघून मांडव घातला. रेवदंड्याहून हझन रहमीमकाका आले. आमच्या प्रार्थना चालवणारे, ऐंशीच्या घरातले, काठीसारखे सडपातळ. आमची घरं आली, पाटील आले, गावची चार प्रतिष्ठित माणसं आली. लडकू आणि हाशा मांडवाच्या खांबाशी उभे होते. मला पाचवा महिना होता. मामंजींनी सगळ्यांना आडून आडून ते कळवलं होतं. "आता नातू धक्क्यावरून मचव्यात चढेल," असं ते म्हणत.

पोहे भिजवायला पाणी वाडीतल्या विहिरीचं आणायचं, हा त्यांचाच हट्ट. त्यांच्या वडिलांनी खणलेली विहीर. पंचक्रोशीत तिच्या पाण्याची गोडी प्रसिद्ध. ती वाडीच्या खालच्या टोकाला, म्हणून एरवी आम्ही घरामागच्या विहिरीचंच वापरत असू. त्या दिवशी मी पोहे भिजवले, गूळ घातला, ओलं खोबरं, वेलची. मोठ्या परातीत ढीग रचला, भोवती पाच तऱ्हेची फळं, वर गुलाब आणि सब्जाची डहाळी. आशीर्वाद म्हणण्याआधी चाखायचं नाही.

रहमीमकाकांनी गाणं धरलं. एलियाहूला बोलावणारं ते गाणं आमच्या लोकांना रडवतं, का ते सांगता येत नाही. म्हातारा आवाज कापत कापत वर चढला आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्यामागं म्हटलं. मग आशीर्वाद झाले. मामंजींनी पहिली मूठ तोंडात घातली.

ते चावायचे थांबले.

मग रहमीमकाकांनी खाल्लं, मग मी. खारट. मिठाचा खडा पडावा तसं नव्हे. भरतीच्या वेळी नाकातोंडात पाणी जावं, तसं. गूळ कुठल्या कुठं गेला होता. सगळ्यांनी घास तोंडात धरला. देवाच्या नावाचं; थुंकणार कसं? एकेकानं गिळलं. मांडवाची झालर फडफडत होती, तेवढाच आवाज.

"विहिरीत खाडीचं पाणी उतरलं," जोमा पाटील शेवटी म्हणाले. "हे शेत तुंबलंय ना, खालून झिरपलं. गेली विहीर."

मामंजींनी हसायचा प्रयत्न केला. "विहीर काय, दुसरी खणू. मिलका, पाहुणे गप्प बसलेत. एलियाहूची एखादी गोष्ट सांग सगळ्यांना. नवी सांग. रोजची नको."

आता नवी कुठली आणू? अग्नीची झाली होती, तेलाची झाली होती. एकच राहिली होती. ती आतापर्यंत का सांगितली नव्हती कोण जाणे. बहुतेक तिच्यात चमत्कार नाही म्हणून. तिच्यात एक मळा होता, आणि आम्ही शेतात बसलो होतो, एवढ्यावरून मला ती सुचली. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं.

"एक राजा होता," मी सुरुवात केली. "त्याच्या वाड्याला लागून एका माणसाचा द्राक्षाचा मळा होता. राजाला तो हवा होता, भाजी लावायला. राजा म्हणाला, याच्यापेक्षा चांगला मळा देतो, नाहीतर किंमत घे. तो माणूस म्हणाला, हे माझ्या वाडवडलांचं वतन आहे, हे मी देणार नाही."

"मग?" मामंजींनी सवयीनं विचारलं.

"मग राजा घरी गेला. जेवला नाही. भिंतीकडे तोंड..."

माझी जीभ अडखळली. मी मामंजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच पाहत होते.

"मग?" या वेळी आवाज अगदी बारीक होता.

"मग... दोन हलकी माणसं उभी केली. पंचांसमोर. त्यांनी खोटी साक्ष दिली."

खांबाशी काहीतरी पडलं. लडकूच्या हातून द्रोण सुटला होता. तो वाकून उचलेना, नुसता उभा राहिला. हाशाचा चेहरा राखेसारखा. आणि तेव्हा, भर मांडवात, पोटात बाळ हललं आणि मला सगळं कळलं. मला थांबायचं होतं. पण ती गोष्ट मी सांगत नव्हतेच. ती आपल्या पायांनी चालत होती.

"त्या माणसाला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारलं. राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. आणि देवानं एलियाहूला सांगितलं, ऊठ, तो मळ्यात उभा आहे, तिथंच त्याला गाठ. एलियाहू मळ्यात गेला आणि म्हणाला, जीव घेतलास तो घेतलास, वर जागाही घ्यायला आलास?"

रहमीमकाकांनी डोळे मिटले होते.

"राजा काय म्हणाला?" मामंजींनी विचारलं.

"म्हणाला, वैऱ्या, सापडलो ना तुला?"

"आणि शिक्षा?"

"राहू दे ना, मामंजी."

"सांग."

मी सांगितलं. त्याच्या रक्ताचं, ते चाटणाऱ्या कुत्र्यांचं, मुळासकट जाणाऱ्या त्याच्या घराण्याचं. आमच्या शास्त्रात ते मऊ करून लिहिलेलं नाही.

"मग राजानं कपडे फाडले," मी घाईनं पुढं म्हणाले, कारण मला त्यांना काहीतरी द्यायचं होतं. "गोणपाट नेसला, उपास केला, मान खाली घालून चालू लागला. देवानं ते पाहिलं."

"पाहिलं? मग सोडलं त्याला?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण समोर मलिद्याची परात होती.

"नाही. देव म्हणाला, हा नमला, म्हणून याच्या दिवसांत नाही आणणार. याच्या मुलाच्या दिवसांत आणीन."

मामंजींची नजर माझ्या पोटावर आली. मी नकळत दोन्ही हात तिथं ठेवले होते. खाडीवरून वारा येत होता आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते.

"मिलका, एक सांग. त्यानं मळा परत दिला का? त्या माणसाच्या पोराबाळांना?"

मी ओळ न् ओळ मनात फिरवली. वडिलांनी शिकवलेलं सगळं आठवलं.

"नाही, मामंजी. कपडे फाडले, उपास केला. मळा परत दिल्याचं कुठंच नाही."

"हं," ते म्हणाले. आणि उठले.

"खांड मी पाडली. उधाणाच्या आधी, ओहोटीला. हे दोघं माझ्याबरोबर होते. पायाची माती आम्ही काढली, वरची तशीच ठेवली. बाकीचं समुद्रानं केलं. गोमीबायनं बांधाला हात लावला नव्हता."

जोमा पाटलांनी झेप घेऊन त्यांची गळपट्टी धरली. "माझं भात! माझ्या अंगणात बसून तू पंचांना..."

"मार," मामंजी म्हणाले. "पण आधी तिच्याकडे जाऊ दे. मग मार."

पाटलांचा हात आपोआप सुटला.

गोमीबायचं झोपडं खाजणाच्या कडेलाच होतं. सगळा मांडव मामंजींच्या मागून गेला. ती अंगणात जाळं शिवत होती. तिनं मान वर केली, पण उठली नाही. मामंजी तिच्यासमोर जमिनीवर बसले, आणि जे मांडवात सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

तिनं जाळ्याची गाठ पुरी केली.

"मना म्हाईत होतं," ती म्हणाली. "बांध मी चढत-उतरत जल्म काडला. वरनं फुटला का पायातनं, मना कलत नाय? पन माजं कोन आयकतो. आता कसं सांगाया आलाव? कोन बोलला तुमाला?"

"एलियाहू."

"कोन तो?"

"आमचा संदेष्टा. राजांना तोंडावर सांगणारा."

"जिता हाय?"

मामंजींनी मागं वळून त्या तुंबलेल्या शेताकडे पाहिलं. "आज तुझ्या खाजणात उभा होता."

गोमीबायनंही तिकडं पाहिलं. मग ती उठली, कोपऱ्यातली टोपली उचलली आणि त्यांच्यापुढं टाकली.

"मग हितं काय बसलाव? आज पुनव हाय. तुमी बुजवली ती खांड नाय, उकिरडा हाय. उद्याच्या उधानाला परत फुटंल."

मामंजी मलिद्याच्या धुवट कपड्यांतच चिखलात उतरले. त्यांना कपडे फाडायला कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी ते फाडलेही नाहीत. साठी ओलांडलेला माणूस चिखलाचे गोळे कापायचा, टोपलीत घालायचा, खांदा वाकडा करून वर चढायचा. गोमीबाय दुसऱ्या बाजूनं थापत होती. त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हती. "तशी नको, दाबून," एवढंच. आमची माणसं काठावर उभी राहिली, मग शरमेनं एकेक घरी गेली. गावातलं कुणीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती चढली, आणि दोघांनी घातलेली माती एका दणक्यात वाहून गेली. मामंजी छातीभर पाण्यात उभे होते. मी काठावरून हाका मारल्या. ते वळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ती भीती होती, पण पाण्याची नव्हे.

"ओहोटीला परत," गोमीबाय म्हणाली.

ओहोटीला ते परत उतरले. आणि मग जोमा पाटील आले. मामंजींना आईबापांवरून शिव्या देत ते चिखलात शिरले आणि शिव्या देतच गोळे वाहू लागले. त्यांच्यामागून त्यांची भावकी आली. हाशाही आला. लडकू मात्र त्याच दिवशी गाव सोडून गेला, तो पुन्हा दिसला नाही. ती खांड धरायला मग पुढची अमावास्या उजाडली.

जमीन गोमीबायच्या नावावर परत झाली. मामंजींनी दोन्ही मचवे विकले आणि ज्याचं ज्याचं भात गेलं होतं त्याला भरपाई दिली. हारून मुंबईहून आला, बापाशी कडाडून भांडला. "मला कुठं तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत! गुपचूप परत करता आली नसती जमीन?" मामंजी म्हणाले, "साक्ष चारचौघांत झाली होती." हारून दुसऱ्या बोटीनं परत गेला.

पण मामंजींच्या मनातला काटा निघाला नव्हता, आणि खरं तर माझ्याही. एका शब्बाथला त्यांनी विचारलं, "त्या राजाच्या मुलाचं पुढं काय झालं गं?"

मला माहीत होतं. मुलगे दोन. एक माडीवरून पडून मेला. दुसऱ्याला बाणानं मारलं आणि त्याचं प्रेत त्याच मळ्यात फेकलं.

"ते फार पुढं येतं, मामंजी," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पण मला ओझं उचलू देईनात, अंगणात एकटी जाऊ देईनात. रात्री खोकला आला तरी ओटीवरून विचारायचे, "ठीक आहेस ना?"

वैशाखात मुलगा झाला. सुखरूप. तेव्हा मामंजी बाळाच्या जवळही आले नाहीत, उंबऱ्यातूनच पाहून गेले.

आठव्या दिवशी सुंता. आमच्यात त्या दिवशी दोन खुर्च्या मांडतात. एकीत मांडीवर बाळ घेणारा बसतो. दुसरी रिकामी ठेवतात, तिच्यावर रेशमी कापड घालतात. ती एलियाहूची. दर सुंतेला तो येऊन तिथं बसतो, असं आम्ही मानतो, आणि आधी बाळाला क्षणभर त्या खुर्चीवर ठेवतो. ठेवायचा मान आजोबांचा.

घर भरलं होतं. हारून आला होता. रहमीमकाकांनी बाळ मामंजींच्या हातात दिलं. ते खुर्चीकडे चार पावलं गेले आणि थांबले. मी आतल्या दारातून पाहत होते. रिकाम्या खुर्चीकडे ते असे बघत होते, जणू तिच्यात कुणी बसलं आहे आणि वर मान करून त्यांच्याकडे पाहतं आहे.

"ठेव, इसाजी," रहमीमकाका म्हणाले.

"मला गाठलं ना यानं," मामंजी पुटपुटले. "याच्याच हातात पोर कसं देऊ? तो मागेल. मुलाच्या दिवसांत म्हणाला होता."

हारून पुढं झाला, पण रहमीमकाकांनी हातानं त्याला अडवलं. मामंजी सावकाश वळले. ओटीच्या पायरीशी, बायकांच्या मागं, गोमीबाय उभी होती. तिला मीच बोलावलं होतं. ती येईल असं मात्र वाटलं नव्हतं. मामंजी बाळाला घेऊन तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

गोमीबायनं बाळाकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"शेट, तुमचं-माजं मिटलं नाय. माजी जमीन अजून खारी हाय, किती पावसाले जातील कोन जाने. मी तुमाला माफ केलेलं नाय." तिनं बोटाच्या मागच्या बाजूनं बाळाचा गाल हलकेच गोंजारला. "पन ते तुमचं-माजं. बापानं आंबट खाल्लं म्हनून पोराचं दात का आंबावं? पोरानं काय केलंय? ठेवा त्याला."

रहमीमकाकांचा हात काठीवर घट्ट झाला. "बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हे तू कुठं ऐकलंस?"

"आयकायचं काय त्यात?" गोमीबाय म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. देशोधडीला लागलेल्या आमच्या लोकांना नदीकाठी बसून एका संदेष्ट्यानं हेच सांगितलं होतं, आंबट आणि दातांसकट. तिला अक्षरओळख नव्हती आणि आमचं शास्त्र तिनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

मामंजी खुर्चीपाशी परत गेले. गुडघे टेकले. बाळाला त्या रेशमी कापडावर ठेवलं आणि एकेक करत दोन्ही हात काढून घेतले. हारूनचे हात नकळत पुढं झाले होते, पण तोही जागचा हलला नाही. सगळं घर उभं होतं. खुर्चीत बाळाशिवाय कुणी नव्हतं, आणि तरी तिच्याजवळ पाऊल टाकायचं कुणाला धैर्य होत नव्हतं.